जनकोजींचे चार प्रश्न

चेन्नईच्या मैलापुरात मराठी माणूस हरवला तर पोलीस चौकीत जाण्याआधी जनकोजी रावांकडे जावं, असं बंधुसभेत थट्टेनं म्हणत. जनकोजींना मात्र त्यात थट्टा दिसत नसे. आपल्या कामाचं कुणीतरी योग्य वर्णन केलं, असंच त्यांना वाटे. वय चौऱ्याहत्तर, कमरेला पांढरी वेष्टी, म्हणजे इकडचं धोतर, अंगात अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात दोन पेनं. त्यातलं एक चालणारं. विमा कंपनीच्या कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली होती, पण बंधुसभेतल्या नोकरीतून ते काही निवृत्त झाले नव्हते. ती नोकरी बिनपगारी होती आणि तिचं नाव होतं ‘नव्यांचा कारभारी’. सभेत कुणी नवीन आलं की त्याला जिन्यापाशी गाठायचं, आत आणायचं, चार माणसांत बसवायचं आणि सभेची रीतभात समजावून सांगायची. एकतीस वर्षं हे काम त्यांच्याकडे होतं. दुसरं कुणी मागितलंही नव्हतं, हे खरं. पण मागितलं असतं तर जनकोजींनी दिलं नसतं, हेही तितकंच खरं.

बंधुसभा म्हणजे देवळामागच्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानावरचा एक लांबट मजला. पाच पंखे, एक स्वयंपाकघर आणि भिंतीवर जुन्या कारभाऱ्यांच्या तसबिरी. तंजावराहून मद्रासेला नोकरीसाठी आलेल्या नऊ मराठी कारकुनांनी कधीकाळी ती सुरू केली. हेतू साधा होता. परक्या शहरात एकाला ताप आला तर दुसऱ्यानं कांजी करून न्यावी. पुढे माणसं वाढली, घरं झाली, कांजीची गरज संपली आणि दर महिन्याच्या तिसऱ्या रविवारची पंगत तेवढी उरली. नियम एकच, पण कडक. नवा माणूस पहिल्या खेपेला पाहुणा. पुढच्या महिन्यात परत आला तर बंधू. बाई असली तरी बंधूच. सभेनं बायकांना सभासद करून घेतलं, तो शब्द बदलायला मात्र कुणाला सवड झाली नाही.

पहिल्या खेपेला पंगत बसण्याआधी जनकोजी नव्या पाहुण्याला सगळ्यांसमोर उभं करून चार प्रश्न विचारत. घराण्याचं नाव काय? आजाचं नाव काय? मूळ गाव कुठलं, गल्ली कुठली? कुलदैवत कुठलं? बस्स, चारच. पण त्या चारांतून जनकोजी काय काय काढत! त्यांच्या डोक्यात तंजावराकडच्या दोनशे घरांच्या वंशावळ्या होत्या. उत्तर येताच ते डोळे मिटत, बोटांची पेरं मोजत, आणि मग एकदम म्हणत, “अरे, मग तू आमच्या कामाक्षीच्या नणंदेचा नातू की रे!” दालनात टाळ्या पडत. असल्या प्रश्नांतून दोन लग्नं जमली होती, तुटलेले तीन भाऊबंद जोडले गेले होते. एकदा तर नव्या मुलाचे आजोबा आणि सभेतले ज्येष्ठ गुंडोअण्णा यांचे वडील एका विहिरीवरून भांडले होते असं निघालं, आणि गुंडोअण्णांनी ते भांडण त्याच पंगतीत जिथं थांबलं होतं तिथून पुढे सुरू केलं. तो मुलगा तरीही बंधू झाला. त्या काळी माणसं असल्या गोष्टींनी पळून जात नसत.

आता जात होती. जुन्या घरांतली पोरं अमेरिकेत, नाहीतर बंगळुरूत. जी इथे होती ती तमिळ आणि इंग्रजीत जास्त रमायची. म्हणून दहा वर्षांपूर्वी सभेनं ठराव करून दार उघडलं. मराठी बोलणारा कुणीही चालेल, महाराष्ट्रातून नोकरीला आलेलासुद्धा. दार उघडलं, माणसं आली, जेवली, ‘छान आहे हं’ म्हणाली आणि गेली. गेल्या सहा वर्षांत एकोणीस पाहुणे आले. त्यातले बंधू झाले दोन. त्यातला एक झेरॉक्सवाल्याचा जावई, त्याला जिना चढला की झालं.

सभेचे चिटणीस विजयेंद्र हे पन्नाशीचे ऑडिटर. मृदू बोलणारे. मृदू बोलणाऱ्या माणसाचं बोलणं फार लागतं. एका संध्याकाळी त्यांनी जनकोजींना कॉफी पाजली आणि म्हणाले, “मामा, तुमच्यावर कोणाचा राग नाहीं. पण माणसं टिकेनात. या खेपेला तीन जण येतायत. त्यांतलें एक तरी परत आलें तर सेरी, ठीक आहे, चाललें तसें चालूं दे. नाहीं आलें, तर हें उभें करून विचारणें बंद करूं. फोनवर फॉर्म पाठवूं, भरला की सभासद. पंगत पण मग वर्षांतून एकदां.”

“फोनवर स्वागत करणार?” जनकोजींनी विचारलं.

“काळ बदलला, मामा.”

घरी येऊन जनकोजी पंख्याखाली बसून राहिले. त्यांच्या पत्नी सईबाई आतून म्हणाल्या, “काय झालें? कॉफींत साखर नव्हती का?” सगळं ऐकल्यावर त्या थट्टा करायच्या थांबल्या. मुलगा सिंगापुरात, डोळ्यांची एक शस्त्रक्रिया झालेली, दुसरी होणार. या माणसाला महिनाभर उभं ठेवतो तो तिसरा रविवार, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

तिसरा रविवार उजाडला आणि तिघंही आले. संजीव नाशिकचा, मोटारीच्या कारखान्यात इंजिनिअर. संयुक्ता इथल्याच जुन्या घरातली, आजीच्या आग्रहाखातर आलेली, मराठी समजणारी पण बोलताना अडखळणारी. आणि देविका. सव्वीस वर्षांची, हिंगोलीकडची, शोळिंगनल्लूरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करणारी. ती जिन्यातच थांबली होती. वर कुणीतरी कुणाला तरी ‘अरे, मीठ कुठें ठेवलास?’ म्हणून ओरडत होतं आणि ती कठड्याला हात लावून ते ऐकत होती.

“वर ये की, पोरी,” जनकोजी म्हणाले.

“दोन वर्षं झाली काका, समोरासमोर मराठी ऐकून,” ती हसत म्हणाली. “फोनवर आईशी बोलते तेवढंच. तुमची वेगळी आहे, पण किती गोड आहे.”

जनकोजींना ती पोर तिथेच आवडली. हिला आपण टिकवणारच, असं त्यांनी जिन्यातच ठरवलं, आणि टिकवायचं म्हणजे त्यांच्या लेखी स्वागतात कसूर करायची नाही.

संजीवनं चारी प्रश्नांची उत्तरं अशी खणखणीत दिली की गुंडोअण्णांनी मान डोलावली. संयुक्ताची उत्तरं तिच्या आजीनंच दिली. मग देविका उभी राहिली.

“नांव?”

“देविका.”

“पुढें?”

“देविकाच.”

लोक हसले. जनकोजीही हसले. लाजते पोर, त्यांना वाटलं. “बरें, घराणें राहूं दे. आजाचें नांव काय?”

देविकाच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, पण आता ते कुणीतरी तिथे ठेवून विसरून गेल्यासारखं वाटत होतं. जनकोजींना ते दिसलं नाही. ते बोटांची पेरं धरून तयारीत उभे होते. “सांग, सांग. हिंगोलीकडचीं चार घरें मला ठाऊक आहेत. गांव कुठलें, गल्ली कुठली? कुलदैवत?”

“माहीत नाही,” ती म्हणाली.

“आजाचें नांव माहीत नाहीं म्हणजे काय!” पंगतीच्या टोकाकडून गुंडोअण्णांचा आवाज आला. ब्याऐंशी वर्षांचे गुंडोअण्णा, सभेतले सगळ्यात ज्येष्ठ. त्यांचं पान नेहमी खांबापाशी पहिलं मांडलेलं असे. देविकानं त्यांच्याकडे पाहिलं, मग ती खाली बसली. अर्धं पान जेवली. ऑफिसचा फोन आहे म्हणाली आणि ताक यायच्या आत जिना उतरून गेली.

पुढचे पंधरा दिवस जनकोजींना वाईट गेले. संजीवनं कळवलं की त्याची बदली पुण्याला झाली. संयुक्ताला दिल्लीत नोकरी लागली, आजीनं पेढे आणून दिले, आणि जनकोजींनी ते कडू तोंडानं खाल्ले. उरली देविका. तिला त्यांनी फोनवर तीनदा निरोप पाठवले. वाचल्याच्या निळ्या खुणा उमटत, उत्तर येत नसे.

“सांबार आंबट झालें होतें,” जनकोजी सईबाईंना म्हणाले. “महाराष्ट्रांतल्या माणसांना एवढें आंबट चालत नाहीं.”

“तुम्ही तिचें स्वागत करत होतां की उलटतपासणी?” सईबाई म्हणाल्या. “मी तिच्या शेजारीं बसलें होतें. पोरीचा घांस उतरत नव्हता. सांबाराचा दोष नाहीं.”

“मग कशाचा?”

“मला काय ठाऊक? जाऊन विचारा.”

जनकोजी गेले. सईबाईंनी डब्यात बेसनाचे लाडू भरून दिले, कारण काहीही झालं तरी मोकळ्या हातानं कसं जायचं. मैलापूरहून तिरुवान्मियूरपर्यंत उंचावरून धावणारी रेल्वे, तिथून पुढे बस. काचेच्या इमारती मागे पडत होत्या आणि जनकोजी मनाशी वाक्यं जुळवत होते. सांबार कमी आंबट करू. पाहिजे तर पोळ्या ठेवू. पंगत शनिवारी संध्याकाळी ठेवू.

देविका दोन मैत्रिणींबरोबर पाचव्या मजल्यावर राहत होती. दारात जनकोजींना बघून ती गडबडली, मग आत घेऊन तिनं पाणी दिलं. मैत्रिणी कामावर गेल्या होत्या. जनकोजींनी डबा टेबलावर ठेवला आणि सांबाराबद्दल सुरुवात केली. तिनं ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“काका, जेवण छान होतं,” ती म्हणाली. “मी जेवणामुळे गेले नाही.”

“मग?”

ती समोरच्या खुर्चीवर बसली. “आमच्याकडे आडनाव विचारलं की पुढचा प्रश्न कुठला असतो ते शेंबड्या पोरालाही कळतं. आडनावानं कळलं नाही तर गाव विचारतात. गावावरून कळलं नाही तर गावात घर कुठे ते. तुम्ही गल्लीच विचारलीत.”

जनकोजींना अजून उमगलं नव्हतं.

“माझे आजोबा चपला शिवायचे,” देविका म्हणाली. “गावाच्या कडेला घर होतं. देवळात आत जायची सोय नव्हती, तर कुलदैवत काय सांगू? त्यांचं नाव मला माहीत आहे. ज्यांना ते सांगावंसं वाटतं, त्यांना सांगते. उभं करून विचारलेलं नाही आवडत मला.”

खाली रस्त्यावर बसचा हॉर्न वाजत होता. जनकोजींच्या ओठांवर एक वाक्य आलं, की आमच्या सभेत असलं काही कुणी बघत नाही. भल्या माणसांच्या ओठांवर हे वाक्य नेहमीच आलेलं असतं. पण समोर ती पोर बसली होती, आणि जनकोजींनी ते गिळलं. त्यानंतर त्यांनी स्वतःला एक प्रश्न विचारला. त्या दिवशी हिनं सगळ्यांसमोर खरं सांगितलं असतं, तर पंगत कशी बसली असती? गुंडोअण्णांनी काय केलं असतं? आणि आपण? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर त्यांना लगेच देता येईना. त्याची त्यांना लाज वाटली.

“मी जातीसाठीं विचारलों नाहीं, पोरी,” ते शेवटी म्हणाले.

“माहीत आहे मला. तुम्ही नात्यासाठी विचारता. पण काका, तुमच्या प्रश्नांतून नातं कुणाचं निघतं? ज्यांचं आधीपासून असतं, त्यांचंच. माझं कसं निघणार? खरं सांगू? चेन्नईत मला दोन वर्षांत कुणी आडनाव विचारलं नाही. इथे सगळ्यांचं आडनावाऐवजी वडिलांच्या नावाच्या एका इंग्रजी अक्षरावर भागतं. इतकं बरं वाटायचं! आणि आपली भाषा ऐकायला मिळेल म्हणून तुमच्याकडे धावत आले, तर आपल्याच भाषेत पहिल्यांदा कुणी विचारलं.”

जनकोजींचे डोळे भरून आले. शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्यातून आधीच पाणी यायचं, त्यामुळे त्यांना ते लपवणं सोपं गेलं. “चुकलों,” ते म्हणाले. “एकतीस वर्षें चुकलों. कोणी सांगिटलें नाहीं.”

“तुम्ही विचारायला आलात ना इतक्या लांब,” ती म्हणाली आणि डबा उघडून तिनं एक लाडू त्यांच्या हातावर ठेवला.

उठताना जनकोजींनी विचारलं, “परत येशील का?”

“पाहुणी म्हणून नाही येणार,” देविका म्हणाली. “आमच्या ऑफिसात नवीन माणूस आला की पहिल्याच दिवशी त्याला काम देतात. काम करता करता तो आपोआप आमचा होतो, त्याला उभं करावं लागत नाही. तुमच्याकडे मला करण्यासारखं काही काम असेल तर सांगा. असेल तर येते.”

परतीच्या बसमध्ये जनकोजींना खिडकीची जागा मिळाली, पण बाहेर काय दिसलं ते त्यांना सांगता आलं नसतं. ते एकोणीसशे एकाहत्तर सालात होते. वीस वर्षांचे, तंजावराहून पत्र्याची पेटी घेऊन मद्रासच्या एळुंबूर स्टेशनवर उतरलेले. त्या वेळचे नव्यांचे कारभारी होते सुधींद्रअण्णा. ते स्टेशनवर आले होते, त्यांनी पेटी उचलली होती आणि विचारलं होतं, “जेवलास?” एवढंच. पुढे वर्षभर त्यांनी दुसरं काही विचारल्याचं जनकोजींना आठवेना. मग हे चार प्रश्न आले कुठून? सभेची जुनी रीत म्हणून ज्यांचा त्यांना अभिमान होता, ती रीत कुणी घातली? बस तिरुवान्मियूरला पोचेपर्यंत त्यांनी खूप आठवून पाहिलं, आणि आठवलं तेव्हा त्यांना खाली उतरायचं सुचेना. ते प्रश्न त्यांनी स्वतःच सुरू केले होते. सुधींद्रअण्णा गेल्यानंतरच्या पहिल्याच वर्षी, एका पाहुण्याशी सईबाईंचं माहेरचं नातं निघालं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि टाळ्यांची चटक कुणाला लागत नाही? जनकोजींनाही लागली होती.

काम द्यायचं तर कुठलं, हा प्रश्न घरी आल्यावर सुरू झाला. बंधुसभेत खरं काम एकच होतं, वाढण्याचं. आणि ते जुन्या पाच-सहा घरांकडे होतं. भात अमक्यांकडे, सांबार तमक्यांकडे. बापानंतर मुलगा, सासूनंतर सून. बाहेरच्या कुणाला कधी नाही म्हटलं नव्हतं; फक्त कुणाला कधी विचारलंही नव्हतं. सार वाढणं जनकोजींकडे होतं. लोक साराला रस्सम म्हणत, पण सभेत ते सारच.

“माझी साराची बादली देतों तिला,” ते म्हणाले.

सईबाई भाजी चिरत होत्या. त्यांचा हात थांबला. “गुंडोअण्णा?”

“सांगतों त्यांना आधींच. लपवून करायचें नाहीं.”

“पोरीनें तुम्हांला सांगिटलें तें त्यांना सांगणार?”

“तें तिचें आहे. तें मी कशाला सांगूं? बादली देणार, एवढेंच सांगतों.”

“उठून गेले तर अर्धी पंगत त्यांच्या मागें जाईल. मग विजयेंद्रांचा फोनच राहील नुसता.”

हे जनकोजींनाही ठाऊक होतं. गुंडोअण्णा त्यांचे त्रेपन्न वर्षांचे मित्र. जनकोजींच्या पहिल्या खोलीचं भाडं त्यांनी ठरवून दिलं होतं, लग्नात पुढे उभे राहिले होते, जनकोजींची आई गेली तेव्हा चार दिवस घरी राहिले होते. पण सोवळ्याचं त्यांचं वेड सभेत सगळ्यांना माहीत होतं. स्वयंपाक करणाऱ्याला ते अजूनही दारातून विचारत, अंघोळ केलास का रे, म्हणून. देविकाला जनकोजींनी ‘काम आहे, ये’ असं आधीच कळवलं होतं; पंगतीच्या आदल्या शनिवारी संध्याकाळी त्यांनी गुंडोअण्णांना फोन केला. ते म्हणाले, उद्या सार देविका वाढणार.

पलीकडे टीव्हीचा आवाज बारीक झाला. मग गुंडोअण्णा म्हणाले, “ती पोर कोण, तें मला त्याच दिवशीं कळलें. आजाचें नांव न सांगणारी पोर आज बघतोंय का मी? तुलाच कळलें नाहीं.”

“मग?”

“बघूं,” गुंडोअण्णा म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. ‘बघूं’ या शब्दाचा अर्थ त्रेपन्न वर्षांच्या मैत्रीलाही लावता येत नव्हता.

रविवारी पानं मांडली गेली. छत्तीस माणसं होती. विजयेंद्र जिन्यापाशी उभे राहून घड्याळ बघत होते. साडेबारा वाजले तरी देविका आली नव्हती. जनकोजी दालनाच्या मध्यभागी आले. एकतीस वर्षं ते त्या जागी पाहुण्याला उभं करत. आज ते एकटेच उभे राहिले.

“एक सांगायचें आहे,” ते म्हणाले. “मी नव्या माणसाला चार प्रश्न विचारत होतों. ती सभेची जुनी रीत नव्हे. ती मी काढलों. सुधींद्रअण्णांनी मला एकच विचारलें होतें, जेवलास का. माझ्या प्रश्नांनीं जवळचें माणूस आणखी जवळ आलें, तें खरें. पण कोणी दूर गेलें असेल, तर त्याचा हिशोब मी कधीं केलों नाहीं. आजपासून ते प्रश्न बंद. ज्याला जें सांगायचें तें तो सांगेल.”

कुणीतरी म्हणालं, “आणि नव्या माणसाची ओळख कशी व्हायची?” “होईल,” जनकोजी म्हणाले. “आपली नाहीं का झाली?” खांबापाशी पहिल्या पानावर गुंडोअण्णा बसले होते. ते आले होते, एवढंच जनकोजींना समजत होतं. त्यांचा चेहरा वाचता येत नव्हता.

भात वाढून झाला. सांबार वाढून झालं. सईबाईंनी स्वयंपाकघरातून जनकोजींकडे पाहिलं आणि साराची बादली बाहेर आणून ठेवली. जनकोजींनी जिन्याकडे बघितलं. विजयेंद्रांनीही बघितलं. शेवटी जनकोजी वाकले आणि त्यांनीच बादलीच्या कडीला हात घातला.

तेवढ्यात जिन्यात धावती पावलं वाजली. देविका वर आली, धापा टाकत, कपाळावर घाम. “बस अडकली होती काका, सॉरी,” ती म्हणाली. “जेवणं सुरू झाली का? उशीर झाला का?”

“जेवलीस?” जनकोजींनी विचारलं.

“नाही.”

“मग आधीं वाढ. नंतर आपण दोघें जेवूं.”

तिनं ओढणी कमरेला खोचली, हात धुऊन आली आणि बादली उचलली. पहिल्या पानापासून सुरुवात करायची असते हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. ती जिन्याजवळच्या पानापासून, उलट्या टोकाकडून निघाली. एक पान, दुसरं पान. कुणी पानाकडे बघत होतं, कुणी तिच्याकडे, कुणी गुंडोअण्णांकडे. सार वाढलं जात होतं. सईबाईंनी दारात पदर मुठीत धरला होता. जनकोजी भिंतीला टेकून उभे होते, आणि त्यांना कळत होतं की चुकीची माफी मागणं त्या मानानं सोपं होतं.

देविका खांबापाशी पोचली. शेवटचं पान गुंडोअण्णांचं. तिनं पळी भरली आणि वाकली.

गुंडोअण्णांनी पानावर आडवा हात धरला.

पळी वरच थांबली. देविकानं वर पाहिलं नाही. तिचे कान लाल झाले. जनकोजी भिंतीपासून सुटले आणि एक पाऊल पुढे आले. काय बोलायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं, पण आज गप्प राहायचं नाही एवढं ठरलं होतं. त्रेपन्न वर्षं तर त्रेपन्न वर्षं.

“सार कशावर घालतीस?” गुंडोअण्णांनी विचारलं. त्यांचा आवाज दालनभर गेला. “भात कुठें आहे माझ्या पानावर? त्या टोकाकडून सुरू केलीस, इथें येईतोंवर माझा भात संपला. दुसरा भात आधीं वाढायचा, मग सार. आणि सुरुवात खांबापासून. हें पण ठाऊक नाहीं?”

देविकानं आता वर पाहिलं. पानावर खरोखरच भाताचं एक शीत नव्हतं.

“जनको!” गुंडोअण्णा मान वळवून गरजले. “एक महिना काय केलास तू? कारभारी म्हणवतोस, आणि आपल्या माणसाला एवढें पण शिकवलास नाहीं?”

इतकी गोड बोलणी जनकोजींनी चौऱ्याहत्तर वर्षांत खाल्ली नव्हती. विजयेंद्र मोठ्यानं हसले, आणि मग पंगतच हसली.

“आणते, अण्णा,” देविका म्हणाली. तिनं बादली तिथेच खाली ठेवली आणि भात आणायला ती स्वयंपाकघराकडे धावली. गुंडोअण्णांनी येणाऱ्या-जाणाऱ्याचा पाय लागू नये म्हणून बादलीची कडी धरली, आणि ती ओढून आपल्या पानाशेजारी घेतली.